वॉनलॉकहेड: शिशाच्या शिरेवर वसलेलं गाव

स्कॉटलंडमधलं सर्वांत उंचावरचं गाव कुठे असेल असं विचारलं, तर बहुतेकांचं बोट नकाशावर उत्तरेकडे जाईल. तिकडे हायलँड्स आहेत, बेन नेव्हिस आहे, नावातच उंची आहे. उत्तर मात्र दक्षिणेत सापडतं. ग्लासगोहून इंग्लंडच्या दिशेनं निघालं की लोथर नावाच्या गोलसर, बोडक्या टेकड्या लागतात. डम्फ्रीज अँड गॅलोवे या भागातल्या त्या टेकड्यांत, मेनॉकच्या घाटाच्या माथ्यावर हे गाव आहे. वॉनलॉकहेड. वस्ती जेमतेम शे-दीडशे माणसांची.

गावाची उंची ४६७ मीटर, म्हणजे १,५३१ फूट सांगतात. आपल्याला या आकड्याचं काही वाटणार नाही. पुणं साधारण ५६० मीटरवर आहे आणि पुण्याला कोणी थंड हवेचं ठिकाण म्हणत नाही. पण वॉनलॉकहेड ५५ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर आहे. डिसेंबरअखेर तिथे दिवस असतो जेमतेम सात तासांचा. दर हजार मीटर चढाईला तापमान साडेसहा अंशांच्या आसपास उतरतं, या हिशेबानं किनाऱ्यापेक्षा इथे तीनेक अंश कमी. मुळात उन्हाळाच इतका कोमट, की हे तीन अंश गेले तर ओट पिकायचीही मारामार. वारा अडवायला झाडं नाहीत. गवत, हेदरची झुडपं, आणि पीट. पीट म्हणजे दलदलीत साचत गेलेल्या वनस्पतींचा काळा थर; तो कापून, वाळवून जळण म्हणून वापरतात.

शेतकरी स्वतःहून अशा जागी राहायला जाणार नाही. हायलँड्समध्ये डोंगर याहून कितीतरी उंच, पण गावं खाली दरीत, तळ्याकाठी नाहीतर समुद्राला लागून असतात. इथे माणसं माथ्यावर आली, कारण त्यांना हवं होतं ते माथ्याच्या पोटात होतं.

आधी जागा नीट समजून घेऊ. नावाचा अर्थ सरळ आहे: वॉनलॉक ओढ्याचा उगम. हा ओढा पुढे क्रॉविक नावानं सँकर गावापाशी निथ नदीला मिळतो, आणि निथ दक्षिणेला सॉलवेच्या खाडीत जाते. गावापासून अडीचेक किलोमीटरवर दुसरं गाव आहे, लेडहिल्स. तिथला ग्लेनगॉनर ओढा उलटा, उत्तरेला उतरतो आणि क्लाइड नदीला मिळतो, म्हणजे त्याचं पाणी ग्लासगोला जातं. दोन गावांमध्ये एक खिंड, आणि खिंडीवर पडलेल्या पावसाच्या थेंबाला दोन समुद्रवाटांतली एक निवडावी लागते. जिल्ह्याची हद्दही पाणलोटाच्या याच रेषेवरून गेली, आणि जमीनदारांचीही. लेडहिल्स होपटाउनच्या अर्लचं. वॉनलॉकहेड क्वीन्सबरीच्या ड्यूकचं, आणि १८१० पासून वारसाहक्कानं बक्लूच्या ड्यूकचं. खडक एकच, खनिज एकच, धंदा एकच, मालक दोन. दोन्ही गावांची जुळ्या भावंडांसारखी तुलना होत आली आहे, आणि एकाची गोष्ट सांगताना दुसरं मध्ये येणारच.

खडक आहेत सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा आजचं स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यामध्ये एक महासागर होता. भूशास्त्रज्ञ त्याला आयापेटस म्हणतात. तो मिटत गेला तसा त्याच्या तळावरचा गाळ खरवडला जाऊन घड्या पडत एका कडेला रचला गेला. आजच्या टेकड्या म्हणजे ती रास. पुढे या खडकांना भेगा पडल्या, भेगांमधून खालचं गरम, क्षारयुक्त पाणी वर आलं, आणि निवताना त्यात विरघळलेलं खनिज भिंतींना धरत गेलं. किटलीच्या आत पांढरा थर धरतो तसंच. अशी भरलेली भेग म्हणजे खनिजाची शीर. शीर जवळजवळ उभी असते, कुठे हातभर रुंद, कुठे बोटभर, मध्येच गायब. लेडहिल्स-वॉनलॉकहेडच्या शिरांमध्ये मुख्य माल होता गॅलेना, म्हणजे शिसं आणि गंधक यांचं संयुग: करडं, चकचकीत, हातात घेतलं तर आकाराच्या मानानं भलतंच जड. शुद्ध गॅलेनात वजनाच्या शंभर भागांतले ८६ भाग शिसंच असतं.

खनिजं जमवणाऱ्यांसाठी तर हा भाग पंढरी आहे. लेडहिलाइट, लॅनार्काइट, सुझनाइट ही खनिजांची नावं इथल्याच गावा-परगण्यावरून आणि खाणीवरून पडली. स्कॉटलंडाइट नावाचंसुद्धा एक आहे, तेही इथलंच.

शिशाच्या आधी गाजावाजा झाला तो सोन्याचा. ओढ्यांच्या वाळूत सोन्याचे कण मिळत, आणि सोळाव्या शतकात राजांचं लक्ष त्यावर गेलं. पाचव्या जेम्सचा मुकुट १५४० मध्ये नव्यानं घडवला गेला तेव्हा जुन्या मुकुटाच्या सोन्यात याच डोंगरांतल्या क्रॉफर्ड मूरचं सोनं मिसळलं. तो मुकुट आज एडिंबराच्या किल्ल्यात आहे. शतकाच्या शेवटी बेव्हिस बल्मर नावाचा इंग्रज खाणवाला माणसं घेऊन इथे ओढे उपसत होता. या मुलखाला ‘स्कॉटलंडमधलं देवाचं भांडार’ असं नावही पडलं. पण कणाकणानं मिळणाऱ्या सोन्यावर गाव उभं राहत नाही. हंगामात माणसं यायची, थंडीत उतरून जायची. आजही हौशी लोक परवानगी काढून, गमबूट घालून ओढ्यात उतरतात आणि थाळीत वाळू घोळवत बसतात. दिवसभराच्या कमाईत चहा निघेल की नाही शंकाच.

कायमची वस्ती झाली ती १६८० मध्ये, ड्यूकच्या जमिनीवर शिसं गाळायची भट्टी आणि कामगारांची घरं बांधली गेली तेव्हापासून. १७१० मध्ये लंडनच्या क्वेकर पंथीयांची शिसे-कंपनी आली, तिच्यानंतर दुसऱ्या कंपन्या आल्या-गेल्या. त्या नावांच्या यादीत पडण्यापेक्षा काम कसं चालायचं ते बघू.

टेकडीच्या कुशीतून आडवा बोगदा खणत शिरेपर्यंत जायचं. तिथून शिरेबरोबर वर आणि खाली. छिन्नी, हातोडा, पुढे सुरुंगाची दारू, उजेडाला दिवा. निघालेले दगड बाहेर आणून फोडायचे आणि वाहत्या पाण्यात धुवायचे. गॅलेना खडकाच्या जवळजवळ तिप्पट जड, त्यामुळे ते तळाशी बसतं आणि हलका चुरा वाहून जातो. हे धुण्याचं काम उन्हाळ्यात बहुतेक पोरांकडे असायचं, थंड पाण्यात दिवसभर हात. मग भट्टी. पीट आणि कोळशाच्या आगीवर भात्यानं हवा मारली की गंधक धूर होऊन जातो आणि शिसं वितळून खाली येतं. शिसं ३२७ अंशांवरच वितळतं, म्हणून ते काम तुलनेनं सोपं. धूर मात्र सोपा नव्हता. तो गवतावर बसला की गुरं मरत. भट्टीवरच्या माणसांना पोटात पिळवटून कळा येत, हातपाय लुळे पडत. या दुखण्याला तिथली माणसं ‘मिल रीक’ म्हणत. रीक म्हणजे स्कॉट्स बोलीत धूर. शिशाची विषबाधा हे शास्त्रीय नाव नंतरचं. गावानं कारण आपल्या शब्दात आधीच सांगून ठेवलं होतं.

आता मजुरी. चार-सहा जणांची टोळी कंपनीशी करार करायची. त्याला ‘बार्गेन’ म्हणत. अमुक शिरेवर काम, गाळलेल्या शिशाच्या वजनावर इतका दर, नाहीतर बोगदा इतका पुढे गेला तर इतके पैसे. सुरुंगाची दारू, मेणबत्त्या, अवजारं टोळीच्या खात्यावर. हिशेब वर्षातून एकदा-दोनदा, तोवर ओटचं पीठ उधारीवर. शीर चांगली लागली तर बरं, पातळ झाली तर वर्ष कर्जात. म्हणजे करार करण्याआधी खडक वाचता आला पाहिजे आणि कागदावरचा हिशेब तपासता आला पाहिजे. शिवाय हा माणूस मोकळा होता, हे त्या काळात थोडं नव्हतं. त्याच स्कॉटलंडमध्ये कोळशाच्या खाणीत आणि मिठागरांत काम करणारे १६०६ च्या कायद्यानं मालकाला बांधलेले होते. खाण विकली की माणसंही तिच्याबरोबर जात, आणि त्यांची पुरती सुटका झाली १७९९ मध्ये. शिशाचा कामगार करार संपला की उठून जाऊ शकत होता. त्यामुळे या ओसाड माथ्यावर कसबी माणसं टिकवायची तर कंपनीला थोडं सैल सोडणं भाग होतं. घर स्वतः बांधा, खडकाळ माळ फोडून वाफा करा, गाय ठेवा. जमिनीची मालकी मात्र ड्यूकचीच.

लेडहिल्सला १७३०च्या दशकात एक वेगळाच व्यवस्थापक आला: जेम्स स्टर्लिंग. गणित शिकलेल्यांना हे नाव माहीत असेल, मोठमोठ्या फॅक्टोरियलची अदमासे किंमत काढायचं सूत्र त्याच्या नावानं आहे. न्यूटनच्या ओळखीतला हा माणूस उरलेलं आयुष्य खाणीचा कारभार बघत राहिला आणि त्यानं ती नफ्यात आणली. त्याच्या व्यवस्थेत जमिनीखालची पाळी सहा तासांची होती. माणुसकी म्हणा किंवा गणित म्हणा. कोंदट हवेत थकलेला माणूस सातव्या तासाला किती दगड फोडतो, हे त्याला कळत असणार.

सहा तास काम, मग? बाहेर काळोख, पाऊस, जवळचं शहर घाट उतरून मैलोगणती दूर. १७४१ मध्ये लेडहिल्सच्या खाणकामगारांनी वर्गणी काढून वाचनालय सुरू केलं. १७५६ मध्ये वॉनलॉकहेडनंही केलं. बत्तीस जण जमले आणि त्यांनी मंडळी स्थापली. तिचं नावच होतं ‘पुस्तकं विकत घेणारी मंडळी’. प्रवेशाची फी, मग दरवर्षीची वर्गणी, नवा सभासद मतानं घ्यायचा, पुस्तक खराब केलं तर दंड. सुरुवातीला धर्मग्रंथ आणि प्रवचनं जास्त, नंतर इतिहास, प्रवासवर्णनं, विज्ञान. ब्रिटनमध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला १८५० मध्ये. त्याच्या आधी ९४ वर्षं हे चाललं होतं.

माझ्या मते गावाचा सगळा इतिहास या वाचनालयाभोवती फिरतो. अंगावरचे कपडे, हातातली अवजारं आणि गाय सोडली तर इथल्या माणसाच्या मालकीचं काय होतं? पायाखालची जमीन ड्यूकची. जमिनीखालचं शिसं ड्यूकचं, भाडेपट्ट्यानं कंपनीचं. घर त्यानं बांधलेलं, पण उठवलं तर उठायचं. पुस्तकं तेवढी कामगारांची, वर्गणी भरून, मत देऊन घेतलेली.

त्याचा परिणाम बघितलेली एक प्रवासी होती. ऑगस्ट १८०३ मध्ये डोरोथी वर्ड्‌‌स्वर्थ आपला भाऊ विल्यम आणि कवी कोलरिज यांच्याबरोबर घोडागाडीतून याच वाटेनं चालली होती. वाटेत तीन मुलगे भेटले. अनवाणी, टोपीला हनीसकलच्या फुलांच्या माळा गुंडाळलेल्या, एकाच्या हातात मासे धरायची काठी. कुठले? वॉनलॉकहेडचे. शाळेत काय शिकता? तर लॅटिनमध्ये महाकवी व्हर्जिल, आणि कोणी ग्रीकमध्ये होमरसुद्धा. कोलरिजनं आणखी खोलात शिरून विचारायला सुरुवात केली तशी पोरं पळाली. डोरोथीनं हे सगळं तिच्या प्रवासवहीत टिपून ठेवलं आहे. माझा जीव त्या पळण्यावर आहे. व्हर्जिल येत असला तरी तोंडी परीक्षा नको, हे जगभरच्या पोरांचं सारखंच.

त्याच दिवशी पुढे त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. दगडी इमारत, आणि तिच्या अंगातून बाहेर आलेली प्रचंड तुळई. अर्ध्या मिनिटातून एकदा ती हळूच वर उठायची, खाली आली की दम खाल्ल्यासारखी थांबायची, आणि हलताना कण्हल्यासारखा आवाज करायची. यंत्राला थोडीशी बुद्धी आहे असं वाटल्यावाचून राहत नव्हतं, असं डोरोथी लिहिते. कोलरिज म्हणाला, डोक्यात एकच कल्पना असलेला राक्षस आहे हा.

या राक्षसाच्या जातीचं एक यंत्र आजही गावात उभं आहे, स्ट्रेटस्टेप्स खाणीच्या तोंडाशी. ते एकोणिसाव्या शतकातलं, म्हणजे डोरोथीनं पाहिलेलं नव्हे. कोकणातल्या विहिरीवरची लाट पाहिली असेल तर हे समजायला दोन मिनिटं पुरतात. दगडी खांबावर तोललेली लांब लाकडी तुळई. एका टोकाला पंपाचा दांडा, तो खाणीत उतरलेला. दुसऱ्या टोकाला मोठी पेटी, बादलीच म्हणा. टेकडीवरच्या ओढ्याचं पाणी पन्हाळीतून या बादलीत पडतं. ती भरली की दांड्याहून जड होते आणि खाली जाते; तुळईचं दुसरं टोक वर उचललं जातं आणि खाणीतलं पाणी वर खेचलं जातं. बादली तळाला टेकली की तिची झडप उघडते, पाणी निघून जातं, ती हलकी होते. आता दांडा जड, तो खाली. बादली पुन्हा पन्हाळीखाली. लाटेवर माणूस लागतो, इथे माणूस नाही, बैल नाही, कोळसा नाही. पाण्यानंच पाणी उपसायचं.

खाणीचा खरा शत्रू पाणी असतं हे लक्षात घेतलं तर या यंत्राची किंमत कळते. जितकं खोल जावं तितकं ते चहूबाजूंनी झिरपतं. उपसा थांबला की काम थांबलं. वॉनलॉकहेडला वाफेचं इंजिनही आलं होतं. १७७९ मध्ये जॉर्ज सिमिंग्टननं जेम्स वॉटच्या पद्धतीचं इंजिन इथे बसवलं. पण कोळसा सँकरकडून घाट चढवून आणायचा, आणि पाऊस तर फुकट. त्यामुळे वाफेच्या युगातही बादलीचा राक्षस टिकला. जॉर्जचा लेडहिल्सला जन्मलेला धाकटा भाऊ विल्यम मात्र वाफेच्याच मागे लागला आणि त्यानं इंजिन बोटीत घातलं. १८०३ मध्ये त्याच्या ‘शार्लट डंडस’नं फोर्थ आणि क्लाइडच्या कालव्यातून दोन बार्ज, म्हणजे मालवाहू होड्या, ओढत नेले. चालवून दाखवलेली ही पहिली उपयोगी वाफेची बोट मानतात, आणि तिचं मूळ समुद्रापासून दूर, खाणीतलं पाणी उपसण्याच्या कटकटीत आहे.

ड्यूकशी संबंध कसे होते? वाचनालयाला घराण्याचा मदतीचा हात होता, कंपन्यांची मुदत संपल्यावर १८४२ मध्ये ड्यूकनं खाणी थेट आपल्या ताब्यात घेतल्या. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडचं चर्च फुटलं. भांडण असं, की गावाचा धर्मोपदेशक कोणी नेमायचा, जमीनदारानं की भक्तांनी? साडेचारशेहून अधिक धर्मोपदेशक जुनं चर्च सोडून बाहेर पडले आणि ‘फ्री चर्च’ उभं राहिलं. वॉनलॉकहेडचे बरेच कामगार तिकडे गेले. त्यांना प्रार्थनेसाठी इमारत हवी होती, इमारतीला जागा हवी होती, आणि सगळी जागा ज्याची तो जुन्या चर्चच्या बाजूचा. ड्यूकनं नकार दिला. मग हे लोक कित्येक वर्षं टेकडीच्या उतारावर, उघड्यावर, दीड हजार फुटांवरच्या बर्फवाऱ्यात रविवारची प्रार्थना करत राहिले. प्रकरण इतकं चिघळलं, की १८४७ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीनं अशा नाकारलेल्या जागांची चौकशी केली. पुस्तकांच्या कपाटाला जागा देणं आणि जमीनदाराचा अधिकारच नाकारणाऱ्यांना जागा देणं यात फरक असतो, तो इथे उघडा दिसतो. शेवटी जागा मिळाली, चर्च बांधलं गेलं.

रेल्वे आली तेव्हा उशीर झाला होता. मुख्य मार्गापासून डोंगर चढत फाटा १९०१ मध्ये लेडहिल्सला आणि १९०२ मध्ये वॉनलॉकहेडला पोचला. माथ्यावर रूळ १,४९८ फुटांवर होते. दातेरी पट्टीची मदत न घेता चढणाऱ्या नेहमीच्या रुंदीच्या रेल्वेत ब्रिटनमधला हा सर्वांत उंच बिंदू. परदेशी शिसं स्वस्त होत गेलं, १९३४ मध्ये खाणी बंद पडल्या, आणि १९३८ च्या अखेरीस गाडीही. १९५०च्या दशकात खाण पुन्हा चालू करायचा थोडा प्रयत्न झाला, तो तगला नाही.

माणसं गेली, पण गाव पूर्ण उठलं नाही. १९७४ मध्ये खाणकामाचं संग्रहालय उघडलं. लॉकनेल खाणीच्या बोगद्यात हेल्मेट घालून आत नेतात, वाचनालयाच्या एकोणिसाव्या शतकातल्या इमारतीत जुनी पुस्तकं अजून कपाटात उभी आहेत. स्कॉटलंडच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जाणारी ‘सदर्न अपलँड वे’ ही पायवाट गावातून जाते, त्यामुळे पाठीवर पिशव्या घेतलेली माणसं दिसतात. वर लोथर हिलवर विमानांवर नजर ठेवणाऱ्या रडारचा पांढरा गोल घुमट आहे. धुकं नसेल तर फार लांबून दिसतो.

आणि जुन्या रेल्वेच्या वाटेवर हौशी लोकांनी दोन फुटी रुळांची छोटी गाडी सुरू केली आहे. तिचं नाव ‘लेडहिल्स अँड वॉनलॉकहेड रेल्वे’. लेडहिल्सहून निघते, एक-सव्वा किलोमीटर जाते आणि खिंडीच्या अलीकडेच थांबते. वॉनलॉकहेडला जायचं असेल तर उतरून पुढे चालत.